शिडीच्या पायाशी

शिडीचं गणित मी बावीस वर्षं शिकवतोय. भिंतीला टेकलेली शिडी, माणसाचं वजन, भिंतीचा रेटा, पायाशी घर्षण. माणूस जसजसा वर चढतो तसतसा शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो, आणि घर्षण पुरं पडलं नाही की शिडी निसटते. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. नको तेव्हा शिकवायची खोडही मला आहेच, बायको त्यावरून रोज टोमणे मारते. त्या खोडीनंच घात केला.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा रंगवायचं काम माझ्या भाऊजींना मिळालं होतं. ताईचा नवरा, हाडाचा रंगारी. ही एक खोली नीट झाली तर सगळी शाळा त्यांनाच द्यायची, असं मुख्याध्यापिकाबाईंनी कबूल केलं होतं. मीच शब्द टाकला होता. भिंतीलगतचे ओटे फरशीत पक्के बसवलेले, त्यामुळे शिडी पुरेशी उभी लागेना. तिचा पाय बराच बाहेर ठेवावा लागला. त्यांचा जोडीदार जेवायला गेला होता.

भाऊजी म्हणाले, "मास्तर, खालच्या दांडीवर पाय देऊन उभे राहा जरा. एवढा कोपरा उरकतो."

मी उभा राहिलो. छतापाशी पोचल्यावर त्यांना थट्टा सुचली. "काय हो, खाली असतो तोवर ही बया गप्प असते, वर आलो की कुरकुरते. आहे का तुमच्या पुस्तकात याचं उत्तर?"

आहे का म्हणजे! बावीस वर्षांत एकाही पोरानं आपणहून असं विचारलं नव्हतं. मी हरखलो. खिशातला खडू काढला, दोन पावलं मागे सरलो आणि उकिडवा बसून फरशीवर शिडी काढली. "हे तुमचं वजन, खाली. ही फरशी ढकलते ती, वर. आणि हे..." तिसरा बाण घर्षणाचा होता. तो पुरा व्हायच्या आत शिडी सरकली.

भाऊजींचं उजवं मनगट मोडलं. डबा उलटून माझी आकृती रंगाखाली गेली. बाई धावत आल्या, कसं झालं म्हणून विचारू लागल्या.

"निसटली," भाऊजी दात आवळून म्हणाले. मी ब्रसुद्धा काढला नाही.

दोन दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. अपघाताचा अहवाल हवा होता; चूक रंगाऱ्याची असेल तर बाकीचं काम दुसऱ्याला जाणार होतं. "तुमच्याइतकं नेमकं कोण लिहिणार, सर?" मी लिहिलं. कोन, वजन, घर्षण, पट्टीनं काढलेली सुबक आकृती. एकही आकडा खोटा नव्हता. शेवटी निष्कर्ष: शिडी फार तिरपी लावली होती. खाली भाऊजींची सही लागणार होती, म्हणून संध्याकाळी ताईकडे गेलो.

त्यांनी कागद मांडीवर घेऊन शांतपणे वाचला. आकृतीवरून डाव्या हाताचं बोट फिरवत आणलं आणि शिडीच्या पायाशी थांबवलं.

"इथे एक माणूस होता, मास्तर."

ताई आत स्वयंपाकघरात होती. "भाऊजी, मी..." बाईंसमोर, पोरांसमोर काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"सही कुठे करू?" शेवटी त्यांनी विचारलं.

तेव्हा तरी तो कागद फाडायला हवा होता. मला स्वतःची किळस आली, आणि किळस येत असतानाच मी बोटानं जागा दाखवली.

ताई कॉफी घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या प्लॅस्टरकडे बघून तिचा पारा पुन्हा चढला. "इतकी वर्षं शिड्या चढताय, अजून धड लावता येत नाही! नशीब, माझा भाऊ तिथे होता."

"होता खरा," भाऊजी म्हणाले, आणि डाव्या हातानं एकेक अक्षर काढत सही करू लागले.