एका नावाचे पाचजण

कोशबाईंनी टेबलावर पाच कार्डं ओळीनं मांडली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पट्टी आडवी ठेवली. पाचांवरही नाव एकच, अगदी आडनावासकट. एक पूल बांधणारे अभियंते, एक बुद्धिबळपटू, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक चित्रकार आणि एक लांब उडीतले विक्रमवीर. चरित्रकोशाची दुसरी आवृत्ती संध्याकाळी छापखान्यात जायची होती आणि या पाचजणांनी सकाळपासून बाईंचा जीव खाल्ला होता. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे ऑफिसात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारेनासं झालं होतं.

तेवढ्यात दारात एक पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. काखेत पहिल्या आवृत्तीचा जाडजूड खंड.

"मी दातांची डॉक्टर," ती म्हणाली. "पण आज आलेय ती मुलगी म्हणून. पूल बांधायचे ते माझे बाबा. मला माझ्या भावांचा पत्ता हवाय."

"बसा आधी. कुठले भाऊ?"

तिनं पान उघडून बोट ठेवलं. अभियंत्यांच्या नोंदीत, शेवटून दुसऱ्या ओळीत छापलं होतं : 'पहिल्या पत्नीपासून दोन मुलगे.'

"बाबा गेले आणि दोन महिन्यांनी हे पुस्तक घरी आलं. आईनं वाचलं, पण चकार शब्द काढला नाही. बाबांचा फोटो तेवढा उतरवून कपाटात घातला. मला वाटलं, तिला बघवत नसेल. नऊ वर्षं मी तेच समजत होते." तिनं पुस्तक मिटलं. "गेल्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. हाड थोडक्यात वाचलं. तेव्हा घाबरून म्हणाली, तुला दोन भाऊ आहेत, शोधून काढ, माझ्यामागे एकटी पडशील."

"आणि त्या आता?"

"खाली गाडीत बसलीय. जिने चढवत नाहीत. पण घरी थांबेल तर शपथ!"

कोशबाई उठल्या. कपाटातून त्यांनी अभियंत्यांची फाइल काढली. आत खुद्द अभियंत्यांनी भरून पाठवलेला माहितीचा कागद होता. तो वाचून त्यांनी बाजूला ठेवला आणि बुद्धिबळपटूंची फाइल उघडली. वरच एक पत्र होतं : 'वडिलांच्या नोंदीत आम्हा दोघा भावांचा उल्लेख राहून गेला आहे.' पत्राच्या कडेला लाल शाईत शेरा होता, 'पुढील आवृत्तीत घ्यावे.' अक्षर कोशबाईंचंच.

चूक छापखान्याच्या माथी मारता आली असती. इतक्या वर्षांनी कोण विचारायला येणार? त्यांनी दोन्ही कागद फिरवून डॉक्टरीणबाईंपुढे सरकवले.

"चूक माझी आहे. ते मुलगे या दुसऱ्यांचे, बुद्धिबळपटूंचे. नाव एक, म्हणून ओळ भलतीकडे गेली. मुलांनी पत्र पाठवलं, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की इथून सुटली ती ओळ गेली कुठे."

डॉक्टरीणबाईंनी वडिलांचा कागद हातात घेतला. 'विवाह : एक. अपत्य : एक कन्या.' त्या ओळीवर त्यांचा अंगठा बराच वेळ तसाच राहिला. मग मोठा सुस्कारा टाकून त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"आठवडाभर मला दोन भाऊ होते हो. धाकट्याशी माझं जास्त पटेल, असंसुद्धा ठरवून टाकलं होतं मी."

"चला," दोन्ही कागद उचलत कोशबाई म्हणाल्या. "काकूंना मीच सांगते."

गाडीच्या मागच्या सीटवर म्हातारी हातात काठी घट्ट धरून बसली होती. कोशबाईंनी खिडकीशी वाकून आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि कागद दिला. म्हातारीनं तो हातभर लांब धरला.

"अक्षर त्यांचंच. 'क' असाच काढायचे, लंगडा." तिनं वर पाहिलं. "म्हणजे नव्हतंच काही?"

"नव्हतं, काकू. माझ्यामुळे झालं हे सगळं."

म्हातारीचे खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून लेक पुढे वाकली, तर ती हसत होती.

"नऊ वर्षं अबोला धरला मी त्या माणसाशी!"

"अगं आई, बाबा तर तेव्हा…"

"गेले म्हणून काय झालं? पुस्तक येईपर्यंत दोन महिने रोज बोलत होते की मी त्यांच्या फोटोशी." तिनं रुमालानं नाक पुसलं. मग कोशबाईंना जवळ बोलावून हळूच विचारलं, "आणि ती पोरं?"

"कुठली?"

"तीच. बापानं दुसरं घर मांडल्यावर त्यांच्याकडे कुणी बघितलं असेल, याचा मला फार घोर लागायचा. जेवताना घास अडकायचा. आपल्यामुळे उघडी पडली, असं वाटायचं."

कोशबाईंनी हातातलं पत्र उलगडलं.

"मावशीनं वाढवलं त्यांना. थोरला जनावरांचा डॉक्टर आहे. धाकटा घड्याळं दुरुस्त करतो. दोघांची घरं शेजारी शेजारी आहेत."

"शेजारी?"

"मध्ये कुंपणसुद्धा नाही, असं लिहिलंय."

म्हातारीनं काठी सोडली आणि ती मागे रेलली.

"मार्गी लागली म्हणायची पोरं," ती म्हणाली.