आर्लिसचा नियम

नियम आर्लिसचा होता, हे आधी सांगतो, कारण गावात आता तो मर्लचा म्हणून ओळखला जातो. मर्ल ट्रॅक चालवतो. आर्लिस माझी बायको. मार्चमध्ये गेली.

ट्रॅक जत्रेच्या मैदानावर आहे. मातीचा, अर्ध्या मैलाचा. एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी शर्यती असतात. मी सगळ्यात स्वस्त वर्गात धावतो. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या, आतलं सगळं काढून टाकलेलं, दारं वेल्डिंगने बंद केलेली. एके काळी आमच्या वर्गात तीस गाड्या असायच्या. मग काही जणांनी शहरातून इंजिनं बांधून आणायला सुरुवात केली आणि बाकीचे एकेक करून घरी बसले. शेवटी नऊ उरलो. नऊ गाड्या बघायला कोण येणार? लोक टेंडरलॉइनचा, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचा, पाव खायचे आणि निम्मे मध्यंतरातच घरी जायचे.

आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आठवड्याच्या जेवणाची यादी छापून यायची, तिच्या कोऱ्या बाजूवर तिने दोन गोष्टी लिहिल्या. एक, पहिल्या पाचांत आलेल्या कुणीही आठशे डॉलर टेबलावर ठेवून जिंकणाऱ्याचं इंजिन मागावं. त्याने ते द्यावं, नाही दिलं तर विजय गेला आणि वर्षभराचे गुणही गेले. म्हणजे आठशेहून फार महागडं इंजिन कुणी बसवणारच नाही. दोन, इंजिन काढायचं ते प्रेक्षकांच्या गॅलरीसमोर, मध्यंतरात, सगळ्यांना दिसेल असं.

मी म्हणालो, इंजिन काढताना काय बघायचं? ती म्हणाली, "लाइल, तू बघतोसच ना तासन् तास."

मर्लने तो कागद दोन वर्षं खणात ठेवला. या एप्रिलमध्ये मोसमाआधीच्या बैठकीत मी त्याला तो वाचायला लावला. ब्रेंट होकस्ट्रा लगेच उठला. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि त्याचं इंजिन नऊ हजारांचं आहे असं सगळे म्हणतात. तो म्हणाला, ही शर्यत आहे की चर्चचा जुन्या वस्तूंचा बाजार? काही जण हसले. मी म्हणालो, जुन्या बाजाराला निदान गर्दी तरी असते. मग जरा जास्त जण हसले.

शेवटी मर्लने एक वर्ष करून बघू म्हटलं, पण अट घातली. पहिल्याच मागणीला कुणी नाही म्हटलं तर नियम त्याच दिवशी रद्द. त्याला भांडणं नको होती.

सहा शनिवार गेले, कुणी काही मागितलं नाही. आमच्याकडे ते जमतच नाही. ज्याच्याकडून जॅक उसना घेतला, ज्याच्या गाडीला आपण धक्का मारला, त्याचं इंजिन मागायचं म्हणजे त्याच्या घरात शिरून चुलीवरचं पातेलं उचलण्यासारखं. सहापैकी पाच शर्यती ब्रेंट जिंकला. मी त्यातल्या चारांत दुसरा होतो. आठशे डॉलर माझ्या खिशात होते, पण मी मागितलं नाही.

आणखी एक खरं सांगतो. मी दुसरा यायचो कारण मी मुद्दाम गॅसवरचा पाय उचलायचो. माझ्या गाडीतलं इंजिन आर्लिसने जोडलेलं होतं. आमच्या घरी मी लोखंड आणायचो, धुवायचो, उचलायचो, आणि जोडायची ती. तिची बोटं बारीक होती, बेअरिंगला हात लावून ती सांगायची की हे सैल आहे. हे शेवटचं इंजिन तिने हिवाळ्यात जोडलं, दवाखान्याच्या दोन खेपांच्या मधे, गॅरेजमध्ये उंच स्टुलावर बसून. एक बोल्ट पुरता आवळला की त्यावर ती लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. नखांना तिने ते कधी लावलं नाही. जिंकणाऱ्याचं इंजिन मागता येतं, म्हणून मी जिंकत नव्हतो. नियम तिचा, आणि मीच त्याच्यापासून पळत होतो.

सातव्या शनिवारी ब्रेंटचं मागचं टायर फुटलं. तो पिटमध्ये जाऊन, टायर बदलून सगळ्यांच्या मागून परत आला. चार फेऱ्या राहिल्या होत्या आणि माझ्या पुढे कुणीच नव्हतं. पाय उचलता आला असता. पण ते इंजिन इतकं छान ओढत होतं की मी पाय दाबूनच ठेवला. मी जिंकलो. ब्रेंट एकेक गाडी मागे टाकत चौथा आला.

मी गाडीतून उतरतोय तोवर तो मर्लच्या टेबलाशी होता. आठशे डॉलरचं पाकीट ठेवलं आणि म्हणाला, लाइलचं इंजिन.

त्याला इंजिन नको होतं. मी नाही म्हणणार, नियम मरणार, एवढंच त्याला हवं होतं. मर्लने मला बाजूला घेतलं.

"नाही म्हण," तो म्हणाला. "तुला कुणी नावं ठेवणार नाही. आर्लिसचं आहे ते, सगळ्यांना माहीत आहे."

"नियम कुणाचा आहे?"

त्याने टोपी मागे सरकवली.

"चेनपुली आण," मी म्हणालो. "गॅलरीसमोर."

अजून चांगलं ऊन होतं. ट्रॅकवर पाणी मारणाऱ्या गाडीला थांबवलं. मी माझ्या हाताने इंजिन सोडवलं, चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीला लोक खायला उठत होते. मग उठलेले परत बसले. इंजिन साखळीला लटकत वर आलं तेव्हा त्यावरचे लाल ठिपके उन्हात दिसत होते. ब्रेंट ट्रेलरजवळ उभा होता. आता इंजिन खरंच न्यावं लागणार हे त्याला तेव्हा कळलं असावं. जाताना मी त्याला फक्त एवढं म्हणालो की, शाळेत तिने तुला आठ वर्षं जेवायला वाढलं.

घरी येऊन मी रविवारी झोपून राहिलो. सोमवारी धान्याच्या एका मोडक्या ट्रकमधलं इंजिन आणलं आणि पहिल्यांदा एकट्याने जोडायला बसलो. बेअरिंगला हात लावून मला काही कळत नव्हतं. दोनदा जोडून दोनदा सोडलं. शुक्रवारी ते सुरू झालं, पण एक व्हॉल्व्ह टकटक करत होता. आर्लिसने ते चालवून घेतलं नसतं. मी तसंच गाडीत बसवलं.

आठव्या शनिवारी आमच्या वर्गात चौदा गाड्या आल्या. पाच जण घरी बसलेले परत आले होते, त्यातल्या एकाच्या, गोठ्यात पडून राहिलेल्या गाडीवर कोंबड्यांची घाण अजून होती. गॅलरीही निम्मी भरलेली होती. मर्ल म्हणाला, लोक फोन करून विचारतायत, या आठवड्याला कुणाचं काढणार?

ब्रेंटने गाडीत स्वतःचंच इंजिन ठेवलं होतं. आर्लिसचं त्याच्या ट्रेलरमध्ये ताडपत्रीखाली बांधलेलं होतं, ठिपक्यांची एक बाजू उघडी. मी तिकडे दोनदा बघितलं, मग बघायचं सोडलं.

शर्यतीत तो सहज पुढे गेला. मी मात्र पाचव्या नंबरासाठी कोंबड्यांच्या गाडीशी वीस फेऱ्या भांडलो. दोन्ही बाजूंचे पत्रे गेले. टकटक इतकी वाढली की हेल्मेटमधून ऐकू येत होती. शेवटच्या वळणावर कोंबड्यांवाला बाहेर सरकला, मी आतून निघालो. पाचवा. अर्ध्या गाडीने.

आठशे डॉलर मी टेबलावर ठेवले. आर्लिसच्या इंजिनाचे मला मिळालेले, ब्रेंटचेच, त्याच पाकिटात. मर्लने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माइक हातात घेतला. घोषणा झाल्यावर गॅलरी उभी राहिली.

ब्रेंट माझ्याकडे आला. जिंकल्यावर असतो तसा दिसत नव्हता. तो म्हणाला, "लाइल, तुम्ही मागणी परत घ्या. तिचं इंजिन ट्रेलरमध्ये आहे, आत्ता घेऊन जा. पैसे नकोत. मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

ट्रेलर वीस पावलांवर होता. त्या आठवड्यात मी तिचं स्टूल बघून तीनदा गॅरेजमधून बाहेर पडलो होतो. हो म्हटलं असतं तर गावात कुणी मला नावं ठेवली नसती. पण मग पुढच्या वेळी ज्याच्याकडे द्यायला काही असेल तो टेबलामागे जाऊन सौदा करील, आणि ज्याच्याकडे नसेल त्याचंच इंजिन गॅलरीसमोर निघेल.

"नाही," मी म्हणालो.

"तुमच्या बायकोचं आहे ते."

"माहीत आहे कुणाचं आहे. पाना आण."

तो मर्लकडे वळला. मर्ल म्हणाला, "देणार नसशील तर तसं सांग. विजय आणि सगळे गुण जातील." ब्रेंट मोसमाच्या गुणांत पहिल्या नंबरावर होता. तो बॉनेट उघडायला गेला.

त्याला स्वतःला इंजिन काढायची सवय नव्हती, त्याच्या दुकानातली माणसं काढायची. तासभर लागला. मध्यंतर कधीच संपलं होतं, पण कुणी घाई केली नाही. एका बोल्टवर तो अडला तेव्हा गॅलरीतून एक बाई म्हणाली, उलटा फिरवतोयस बाळा. सगळे हसले. थोड्या वेळाने तोही हसला. शेवटी साखळी मी ओढली, कारण दोन माणसं लागतातच.

चकचकीत इंजिन माझ्या पिकअपमध्ये उतरलं. ब्रेंटने हात पुसले. त्याच्या गाडीचं तोंड रिकामं दिसत होतं.

"आता मी पुढच्या शनिवारी काय बसवू?" त्याने विचारलं.

"ट्रेलरमध्ये आहे ना एक," मी म्हणालो. "तेच बसव. जिंकलास की मी येतो मागायला."

त्याने ट्रेलरकडे बघितलं. मी पिकअपचं दार उघडलं आणि मग परत वळलो, कारण हे सांगायला हवं होतं.

"सुरू केल्यावर दहा मिनिटं नुसतं चालू ठेव. थंड असताना त्याला पळवायचं नाही. आणि ठिपके पुसू नकोस."