ऐन बहरात

सकाळी टेलरकाका चहाचा कप घेऊन मागच्या बागेत गेले आणि जागीच थबकले. गुलाब फुलला होता. गुच्छच्या गुच्छ. पण फुलं पांढरी होती, कोटाच्या बटणाएवढी. बायकोचा गुलाब गडद गुलाबी, मुठीएवढा फुलायचा. त्याचं कलम तिनं माहेरच्या झाडावरून आणून स्वतः बांधलं होतं. माहेरचं ते झाड पुढे घर विकल्यावर तोडलं गेलं. आता होतं ते एवढंच.

आणि उद्या मेहुणी येणार होती. मुद्दाम त्यातली एक फांदी न्यायला. गेल्याच आठवड्यात काकांनी तिला फोनवर फुशारकी मारली होती, "अगं, माझ्या डोक्याच्या वर गेलाय!"

आजूबाजूच्या बागा रंगांनी भरल्या होत्या. कुंपणावर बोगनवेल, पलीकडे डाळिंबाची लाल फुलं. काकांना त्यातलं काही दिसेना. त्यांनी एक फांदी तोडली, पिशवीत घातली आणि तडक नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्या बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "काका, ही खालच्या खुंटाची फूट आहे. रानटी."

"म्हणजे?"

"कलम करताना मुळं एका झाडाची घेतात आणि वर दुसरं बांधतात. खालच्या झाडाला संधी मिळाली की ते आपलंच घोडं पुढे दामटतं. तुम्ही खत घातलंत ना?"

"वर्षभर. अगदी न चुकता."

"मग काय, घरच्याला उपाशी ठेवून चोराला जेवू घातलंत."

काका हसले नाहीत. बाईंचाही आवाज उतरला. "मुळाशी माती उकरा. गाठ दिसेल. गाठीच्या खालून आलेलं सगळं काढून टाका, अगदी बुडापासून. वरचं तेवढं तुमचं."

"आणि वर काही नसलंच तर?"

"तर नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन काकांनी माती उकरली. गाठ सापडली. डोक्यावर गेलेल्या सगळ्या फांद्या तिच्या खालून निघाल्या होत्या. गाठीच्या वर होती फक्त एक काडी. करंगळीएवढी, काळपट, एक पान नाही. शेजारी कापल्याच्या दोन जुन्या खुणा होत्या. हिवाळ्यात त्यांनीच त्या दोन फांद्या वाळल्या समजून छाटल्या होत्या. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, की बघ, तुझी बाग कशी नीट ठेवलीय. ही तिसरी कात्रीतून कशी सुटली कोण जाणे.

बायको वाळत चालली होती तेव्हाही ते म्हणाले होते, "बारीक झालीस, बरी दिसतेस."

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी.

"भावजी, फुललाय का?"

"फुललाय," काका म्हणाले.

"ताईच्या वेळेसारखाच?"

"तू ये तर खरी."

फोन ठेवून ते परत झाडापाशी आले. झाड आहे तसं ठेवलं तर उद्या निदान फुलं तरी दिसतील. रंग बदलतो कधीकधी, असं सांगता येईल. कापलं आणि ती काडी मेलेली निघाली, तर काहीच राहणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी बेधडक कापड कापलं होतं. ते दोनदा कात्री घेऊन गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गुडघे टेकून बसले आणि पहिली फांदी बुडातून ओढून काढली.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणावरून ओरडले, "अहो, डोकं फिरलं का? ऐन बहरात?"

"आपला नाही हो तो बहर," काका म्हणाले आणि दुसरीला हात घातला.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली ती ओल्या फडक्याची घडी आणि कात्री घेऊनच. बागेत जाऊन तिनं ती काडी पाहिली. मग फुलांचा ढीग पाहिला. मग काकांकडे.

"भावजी, हेच का ते डोक्यावर गेलेलं?"

काकांनी सगळं सांगितलं. छाटलेल्या दोन फांद्याही सांगितल्या. त्या सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

ती खाली बसली आणि आत हिरवं आहे का बघायला काडीच्या सालीला नख लावू लागली.

"नको," काकांनी तिचा हात धरला. "राहू दे. मला नाही बघायचं."

"मला बघायचंय. माझ्याही आईचं झाड आहे ते."

त्यांनी हात सोडला. तिनं शेंड्याशी खरवडलं. तपकिरी. मध्ये खरवडलं. तपकिरी. अगदी गाठीला लागून साल सुटली आणि आत बारीक हिरवी रेघ निघाली.

काका वाकले. "आहे?"

"आहे. जेमतेम आहे." तिनं फडकं परत पिशवीत कोंबलं. "यातून काय नेऊ मी, कपाळ! पुढच्या वर्षी बघू."

"मुळासकट घेऊन जा. इथं माझ्या हातून मरेल."

"आणि प्रवासात माझ्या हातून मरेल. त्यापेक्षा पाणी आणा. थोडंसं."

काकांनी तांब्या आणला. "थोडं म्हणजे किती?"

"हे ताईला विचारायचं होतं, ती असताना," ती म्हणाली आणि लगेच ओठ चावला.

काका ओतू लागले. एक थेंब, दोन थेंब. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ती कधी पुरे म्हणते याची वाट पाहत.