कोणीतरी पडेपर्यंत

व्हर्नाने नवऱ्याच्या, मर्लच्या हनुवटीवर ओघळलेला सॉस पुसला, रुमालाची कोरडी बाजू वर करून घडी घातली आणि त्याच्या जाकिटाचं वरचं बटण लावलं. जाकीट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, नारिंगी, कोपरांवर झिजलेलं. त्यात आता दोन मर्ल मावले असते. तो घडीच्या खुर्चीत बसून शेगडीचा धूर बघत होता; धूर जाईल तिकडे त्याची नजर जात होती.

स्टेडियमच्या भिंतीबाहेर, खडीच्या मोकळ्या जागेत गाड्यांच्या ओळी लागल्या होत्या, दर शनिवारी लागतात तशा. मागच्या फळ्या पाडून त्यांवर भाजलेल्या बरगड्या, मक्याचा पाव, बिअर मांडलेली. आज सामन्याआधी मैदानाला कोच ट्रॅमेल यांचं नाव द्यायचं होतं. कोच जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांना मध्यरेषेवर उभं करून एकेकाचं नाव पुकारणार होते. मर्लला न्यायला त्याचा जुना कप्तान वेंडेल आला होता, नवा सूट घालून, छातीला फीत लावून.

"चालत येईल ना गं तो?"

"येईल. पण पाठवायचं की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही."

मर्लचं नाव भोंग्यातून एकदा तरी घुमावं, असं तिला वाटत होतं. त्या माणसासाठी मर्लने उभं राहू नये, असंही वाटत होतं. दोन्ही इच्छा तिच्या आत बसून होत्या, एका बाकावरच्या दोन अबोल बायकांसारख्या. खेळात डोक्याला बसलेल्या धडकांनी मर्लच्या मेंदूचं काय झालंय, ते डॉक्टरांनी फोटोवर पेन फिरवून दाखवलं, तेव्हाही ती त्याचं हेच बटण लावत बसली होती.

शेगडीपाशी दर शनिवारच्या सोबत्यांत वाद पेटला होता.

"तीनदा अंतिम सामना आणि तिन्ही वेळा हरला," ओटिस बरगडी उलटवत म्हणाला. "मैदानाला कशाला, या पार्किंगला द्या त्याचं नाव."

"आणि त्याच्याआधी?" जोलीन बाटली रोखून म्हणाली. "नदीपलीकडचे दरवर्षी आपल्याला धोपटून जायचे. तुझा बाप सामना संपायच्या आत घरी पळायचा, तोंड लपवून."

"माझा बाप गाईंची धार काढायला जायचा."

"हो, धार. दर शनिवारी."

वेंडेल हसला नाही. "माणसं घडवली रे त्यांनी."

"मोडलीपण," ओटिस म्हणाला.

मर्लच्या खुर्चीकडे कोणी बघितलं नाही.

"शिस्त म्हणजे काय, तुला काय कळणार?" वेंडेलचा आवाज चढला. "आघाडीची रांग. गुडघे दुमडलेले, एक हात जमिनीला. 'सज्ज' म्हटलं की पापणी हलवायची नाही. ऑगस्टच्या उन्हात तसंच ठेवून कोच सावलीत सरबत प्यायला जायचे."

"आमचं कुत्रंही इतकं ऐकत नाही," जोलीन म्हणाली.

"आणि तू कुठं होतास त्या उन्हात?" ओटिसने विचारलं. "मागं उभा राहून ओरडायला."

"ओरडायचोच. असं." वेंडेलने छाती भरून घेतली. "सज्ज!"

मर्लच्या मांडीवरची ताटली पालथी झाली. तो खुर्चीतून उतरला, गुडघ्यांत दुमडला, उजव्या हाताची बोटं त्याने खडीत रोवली. पाठ टेबलासारखी सपाट. शेजारच्या गाड्यांवरून शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या. कोणी फोटो काढला.

मग टाळ्या विरल्या आणि मर्ल तसाच राहिला.

सामन्यात आकड्यावर रांग सुटायची. "एक," वेंडेल म्हणाला. "दोन. तीन." मग हसत, "पुरे रे, मर्ल. झालं आता."

ओटिसने खुर्ची त्याच्या मागे सरकवली. मर्ल बसला नाही. नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला, दुसरा जमू लागला.

व्हर्ना त्याच्याजवळ बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती वेंडेलला म्हणाली, "ती रांग उठायची कशी?"

वेंडेल म्हणाला, "त्या कवायतीत आकडा नसायचाच."

"मग?"

"कोणीतरी पडेपर्यंत. एक पडला की बाकीचे सुटायचे. पडेल त्यानं स्टेडियमच्या पायऱ्या पळायच्या, अंधार होईस्तोवर."

"कोण पडायचं?"

आत बँड सुरू झाला. लोक पेले हातात घेऊन फाटकाकडे निघाले. जोलीन निघाली, थांबली, मग गेली. ओटिसने शेगडीवर झाकण ठेवलं आणि तोही तिच्या मागोमाग गेला.

"हाच," वेंडेल म्हणाला. "सगळ्यांत दणकट हाच होता. पडायचं त्याला काही कारण नव्हतं." मग फीत सरळ करत म्हणाला, "कोचना माहीत होतं ते."

 व्हर्नाच्या हाताखालची पाठ हलत होती, पाण्यावर बांधलेल्या होडीसारखी.

वेंडेलने एकदा फाटकाकडे बघितलं. मग तो गुडघ्यांवर आला, कुशीवर कलला आणि नव्या सुटासकट खडीत आडवा झाला. गाल जमिनीला टेकला. फीत अंगाखाली गेली.

मर्लने मान वळवून बघितलं. खडीतून बोटं उपटली. व्हर्नाच्या खांद्याचा आधार घेत तो हळूहळू उभा राहिला. तिने त्याचा तळवा हातात घेतला आणि रुतलेले खडे एकेक करून काढले.

भिंतीपलीकडे नावं सुरू झाली. वेंडेल प्रुइट. टाळ्या, मग थोडी शांतता, मग पुढचं नाव. काही नावांनंतर मर्ल हॉक्स्टन. अगदी स्वच्छ ऐकू आलं. व्हर्ना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तो वेंडेलकडे वाकला होता.

"ऊठ," मर्ल म्हणाला. "पायऱ्यांना मी येतो तुझ्याबरोबर."

वेंडेल काही उठेना.