शून्य मधात

रितानं कोरणाऱ्या मशीनवरचा पितळी पत्रा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या कोपऱ्यात कमळाचा पाव भाग कोरलेला होता. बाकी पत्रा कोरा.

"पाहा, शिकलेल्या पोरीचं कमळ!" दुकानाचे मालक भैय्याजी बसल्या जागेवरून ओरडले. "साऱ्या भंडाऱ्यात असं कमळ उगवलं नसंल."

रितानं संगणकावर आपली फाईल उघडली. मशीनला द्यायच्या सूचनांत तिनं कमळ रांगोळीसारखंच लिहिलं होतं. आधी मधला ठिपका, मग तिथून मोजत चहूकडे पाकळ्या. सगळं जागेवर होतं, वरची एक ओळ सोडून.

"धर्मेंद्रभाऊ, पहिली ओळ कुठं गेली?"

मशीन चालवणारा धर्मेंद्र हा मालकाचा पुतण्या. त्यानं मान वर केली.

"ते 'माप मिलिमीटर, शून्य मधात' वाली? मी काढली. त्यात नक्षी कुठं होती? मले वाटलं, तू आपल्यासाठी लिहून ठेवली."

"मशीनसाठी होती. ती नसली का मशीन कोपऱ्यातून मोजते. बाकीचं कमळ पत्र्याच्या बाहेर गेलं."

"पुरे," भैय्याजी म्हणाले. "बाई येऊन राहिल्या. माफी तूच मागजो."

पत्रा करायला दिलेल्या सत्यवतीबाई अनवाणी आत आल्या. चातुर्मासभर त्यांनी रोज देवापुढं कमळ काढलं होतं. उद्या उद्यापन, पत्रा आजच देव्हाऱ्यात बसायला हवा होता. कोपऱ्यातलं कमळ पाहून त्या दारातच थांबल्या.

"आता वं माय?"

"चूक माझी नाही, काकू." रिता म्हणाली. "पण पत्रा आजच भेटल."

धर्मेंद्रनं नवा पत्रा चढवला.

"टाक ना ते ओळ."

"तुमी काढली, तुमीच टाका." रितानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"काहून भाव खाऊन राहिली?" भैय्याजी कडाडले.

ती हलली नाही. शेवटी धर्मेंद्रनं एका बोटानं अक्षरं शोधत ओळ लिहिली. सुई सरकत पत्र्याच्या मधोमध आली आणि टेकली.

कमळ पुरं झाल्यावर भैय्याजींनी ते रुमालानं पुसलं.

"घ्या बाई. आमच्या धर्मेंद्रनं सुधारून देलं."

रितानं संगणक बंद केला. दारात जाऊन चपला पायात सरकवल्या.

सत्यवतीबाईंनी कुंकवाचा करंडा उघडला. आधी घडवणाऱ्याला टिळा, मग देवाला, ही त्यांच्या घरची रीत. कुंकवाचं बोट धर्मेंद्रच्या कपाळाकडं गेलं.

तो एक पाऊल मागं सरला.

"काहून रे?" भैय्याजींनी विचारलं.

धर्मेंद्र दाराकडं पाहत होता.