बॉडी घरी आणली आहे

आमच्या ह्यांनी गाडी आणली, असं मी म्हणणार नाही. गाडीला इंजिन असतं, चाकं असतात. ह्यांनी आणला तो कुठल्याशा साहेबाच्या जुन्या विलायती मोटारीचा नुसता सांगाडा, आणि तो नेऊन ठेवला आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ती शेड मला शिवणक्लाससाठी कबूल केलेली होती. मशीन आली होती, आळीतल्या बायकांनी नावंसुद्धा दिली होती. आता मशीन खोलीच्या कोपऱ्यात गोधडीखाली आणि शेडमध्ये साहेबांची मोटार.

हे एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपण दुरुस्त करू, अशी ह्यांची ठाम समजूत. घरातला नळ तेवढा गेल्या दिवाळीपासून गळतोय.

मी कडाकडा भांडले. शेवटी ह्यांचा मित्र यादव मध्ये पडला. तो अंबडच्या कारखान्यात असतो आणि ‘अलाइनमेंट’ हा शब्द पानाच्या विड्यासारखा कायम तोंडात धरून असतो. म्हणाला, "वहिनी, इंजिन, रंग सगळं नंतर. आधी बॉडी सरळ आहे का ते बघायचं. सपाट विटांवर ठेवायची आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका दोर धरायचा. मग तोच दोर दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. दोन्हीकडे सारखा भरला तर सरळ. नाहीतर पुढे हात लावण्यात अर्थ नाही."

"वाकडी निघाली तर भंगारात," मी म्हणाले. "आणि शेड माझी."

"कबूल," हे म्हणाले. यादवसमोर म्हणाले ते बरं झालं.

सांगाडा उचलायला माणसं हवी होती. ह्यांचा धाकटा भाऊ सहादू विंचूरला असतो. कांद्याचा ट्रक चालवणारा भिका तिकडेच निघाला होता, त्याच्याजवळ ह्यांनी निरोप दिला : "सहादूला सांग, बॉडी घरी आणली आहे. उद्या सकाळी चार माणसं घेऊन ये. दोर पण आण."

भिकाने निरोप जसाच्या तसा पोचवला. त्याचा काही दोष नाही.

सकाळी हे आणि यादव विटा आणायला गेले. मी कुलूप घालून दुधाला गेले. परत येते तर दारात भिकाचा ट्रक आणि अंगणात निम्मं विंचूर. बायका पांढऱ्या लुगड्यांत. सहादूच्या खांद्यावर दोर, हातात पांढरं कापड आणि मेणबत्त्यांचा पुडा. ह्यांना काही झालं की काय! डोक्यावर पदर ओढून मी कडेच्या एका बाईला विचारलं, "कोण गेलं?"

"निवृत्तीची बायकू," ती वळूनही न बघता म्हणाली. "बॉडी आत हाय म्हनं. तो सामान आनाया गेलाय."

निवृत्ती म्हणजे आमचे हेच. खोटं कशाला बोलू, आधी माझा जीव भांड्यात पडला. मग मी दुधाची किटली मांडीवर घेऊन तिथेच बसले. आपल्यामागे लोक काय बोलतात, हे कानांनी ऐकायला कुणाला मिळतं?

"लय गुनाची व्हती गं माझी सून!" सासूबाईंनी, म्हणजे भागीबाईंनी, हंबरडा फोडला. हे गुण त्यांनी आजवर कुठे दडवले होते कोण जाणे. मग नाक पुसून म्हणाल्या, "पोराचं हाल व्हतील. वरीस सरलं की दुसरी बघाया लागंल."

जाऊबाई लंकाबाई खिडकीच्या गजांना नाक लावून उभ्या होत्या. "तिची शिलाई मशीन कुठं दिसंना? मला लय कामाला येईल."

"निवृत्तीला बोलवा रे," सासूबाई म्हणाल्या. "बॉडी लय येळ घरात ठेवू नाय."

"मशीन कोपऱ्यात आहे," मी उठून म्हणाले. "गोधडीखाली."

लंकाबाई किंचाळून ओट्यावरून खालीच आल्या. सासूबाई सावरल्या, पण चिडून. एवढ्या लांब आल्यावर मी जिवंत निघावं, हे त्यांना पटलं नसावं. "मंग बॉडी कुनाची?"

मी सगळ्यांना शेडकडे नेलं. तेवढ्यात हे विटा घेऊन हजर झाले.

हसून हसून झाल्यावर माणसांनी सांगाडा विटांवर चढवला. माझ्यासाठी आणलेला दोर यादवने तिरका धरला, मापावर गाठ मारली आणि दुसऱ्या कोपऱ्यांना लावला. गाठ वीतभर अलीकडे राहिली. म्हणजे बॉडी वाकडी.

"दोर नवा आहे, नीट ताणला गेला नाही," हे म्हणाले. पुन्हा मोजलं. मग विटा खालीवर आहेत म्हणून विटा बदलल्या. मग दोघांनी लालबुंद होईस्तोवर दोर ओढला. वीत काही हलेना.

"एवढं चालतं गं," हे शेवटी म्हणाले. "रस्त्यात कोण मोजायला येतंय? शेडचं आपण पुढच्या वर्षी बघू."

माझं डोकंच फिरलं. सहादूच्या हातातलं पांढरं कापड घेतलं आणि सांगाड्यावर पसरलं.

"भाऊजी, माणसं आहेत, दोर आहे, ट्रक दारात आहे. उचला. भंगारवाला नाक्यावरच आहे."

"सुमन, अगं..."

"सासूबाईच म्हणाल्या ना? बॉडी फार वेळ घरात ठेवू नये."

सासूबाईंना शब्द मागे घेता येईना. माणसांनी सांगाडा उचलून ट्रकवर चढवला, सहादूने दोराने आवळला. भिकाने गाडी हळूहळू काढली. हे टोपी हातात घेऊन नाक्यापर्यंत मागे चालत गेले. परत आले तेव्हा डोळे भरून आले होते आणि पुसायचंही भान नव्हतं.

सकाळी माझ्यासाठी ट्रकभर माणसं रडली होती. खरं पाणी मात्र त्या दिवशी मी फक्त ह्यांच्या डोळ्यांत पाहिलं.