चोरखिसा

"हात वर कर. अरे थोडेच, छताला नाही टेकवायचेत."

पोराने हात वर केले. मास्तरांनी टेप पाठीमागून घेऊन छातीवर जुळवली, तसं पोराने अंग चोरलं. टेप नव्हे, तापलेली इस्त्रीच टेकल्यासारखं.

"काय झालं रे?"

"गुदगुल्या."

गुदगुल्या झालेलं माणूस हसतं. हा दाराबाहेर रस्त्याकडे बघत होता.

मास्तरांनी टेप पुन्हा लावली, या वेळी हलक्या हाताने. आकडा पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. गेल्या वर्षीच्या मापापेक्षा अर्धा इंच कमी. तेरा वर्षांच्या, नुसत्या उंचीला सुटलेल्या पोराची छाती कधी कमी होते?

"झालं?" म्हणत पोरगा सटकला. घाईत त्याचं जॅकेट खुंटीवरच राहिलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. बोळाच्या तोंडाशी दुकान, एक मशीन, एक स्टूल. नवे कपडे शिवून घेणारे आता कमीच. दिवस जायचा तो चेन बदलण्यात आणि पँटी आखूड करण्यात. "मी हल्ली लोकांची उंची कमी करतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

हे जॅकेट दोन महिन्यांपूर्वी पोराने मशीनवर आणून टाकलं होतं. "बाबा, याला आतून चोरखिसा करून द्याल?"

'बाबा' ही हाक ऐकून किती दिवस झाले होते! घरात त्याचं बोलणं 'हं' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर आलं होतं. मास्तरांनी हातातलं काम बाजूला सारलं. बसमध्ये मोबाइल चोरतात म्हणून खिसा हवा, हे कारणही त्यांना पटलं. धागा अस्तराच्या रंगाशी जुळवला, खिशाचं तोंड शिवणीत असं बेमालूम बसवलं की ज्याचा त्यालाच सापडावं.

"घे. चोराच्या बापालाही सापडणार नाही," ते म्हणाले होते. पोरगा हसला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोन मोठी पोरं तसाच खिसा करून घ्यायला आली. "दादाने पाठवलंय," म्हणाली. आपल्या एकुलत्या एकाला कुणी दादा मिळाला, म्हणून मास्तरांना बरंच वाटलं. तेही खिसे त्यांनी मन लावून शिवले.

आता त्यांनी जॅकेट उलटं केलं. अस्तर ओघळलं होतं. खिशाचं तोंड उसवून कुणीतरी जाड पांढऱ्या दोऱ्याने, कसेबसे टाके घालून, ते मोठं केलं होतं. मोबाइलने खिसा असा ओघळत नाही. आत प्लॅस्टिकचा फाटका तुकडा होता आणि बसचं तिकीट; ज्या गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही, अशा गावाचं.

चोराच्या बापालाही सापडणार नाही. मास्तर स्टुलावर बसले.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि हातातलं फडकं दोनदा पिळलं. "नवे बूट आले तेव्हा मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, मित्राने दिले असतील."

"आणि तो बोलत नाही म्हटल्यावर तूच म्हणालीस, वयात आलाय."

"म्हणाले." ती खाली बसली. "अहो, पण पोलिसात नका जाऊ. आपल्याच पोराला आत टाकतील."

दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळी दुकानाला कुलूप लावून मास्तर शाळेत गेले. तिथे मुलांचं ऐकून घेणाऱ्या एक समुपदेशक बाई होत्या. "या मास्तर," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्या शाळेत आपणच सगळ्यात कमी शिकलेले मास्तर, हे जाणवून ते संकोचून बसले. मग एकदम बोलून गेले, "बाई, खिसा मी शिवलाय. त्याला नका धरू."

बाईंनी सगळं विचारून घेतलं. बूट, शाळेला मारलेल्या दांड्या, छातीचं दुखणं.

"मोठी माणसं नशेचा माल असाच पोरांच्या हातून पोचवतात, मास्तर. पोरांची झडती कोण घेणार? आधी लाड करतात, वस्तू देतात. मग मारतात. तुमचा मुलगा गुन्हेगार नाही, त्याच्यावर गुन्हा होतोय."

"मग मी काय करू? त्या दादाला जाऊन गाठू?"

"अजिबात नाही. मोबाइलही हिसकावू नका, जॅकेट धुऊ नका. आणि 'तू काय केलंस' असं विचारू नका. 'तुला कोण काय करायला लावतं' असं विचारा." त्यांनी बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. ठेवल्यावर म्हणाल्या, "आज दुपारीच या म्हणतात. पोलिसही येतील, पण तो एकटा नसेल. सगळं सोपं होईल, असं मात्र मी सांगत नाही."

पोरगा घरी अंथरुणावर पडला होता. मास्तर त्याच्या पायाशी बसले. बाईंचं वाक्य वाटेत पाठ करून आले होते, ते ऐन वेळी अर्धंच आठवलं.

"तुला कोण... रे?"

मास्तरांनी पांघरूण त्याच्या पायांवर नीट ओढलं.

"छाती दुखते ना?"

पोराने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही नका यात पडू, बाबा."

"का?"

"दादा म्हणतो, खिसे तुझ्याच बापाने शिवलेत. तू तोंड उघडलंस, तर आधी तो आत जाईल."

जो पोरगा आपल्याशी बोलत नाही म्हणून मास्तर झुरत होते, तो त्यांच्याचसाठी गप्प होता, मार खात होता.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "ते तर मी सकाळीच शाळेत सांगून आलो. आपण होऊन."

पोरगा उठून बसला. "खरंच सांगितलंत?"

"खरंच. आता त्याच्याकडे धमकी द्यायला काय उरलं?"

पोराने मग गुडघ्यांत तोंड घातलं. खांदे हलत होते. दारात उभ्या असलेल्या आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी त्याने अंग चोरलं नाही.

कार्यालयातली खोली लहान होती. टेबलामागे एक मध्यमवयीन अधिकारी बाई, कोपऱ्यात साध्या कपड्यांतली पोलीसबाई. आईला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. अधिकारी बाईंनी पोरापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "तुला एकट्याने बोलायचं असेल, तर वडीलही बाहेर थांबतील. तू म्हणशील तसं."

पोरगा टेबलाकडे बघत राहिला. मास्तर उठून दारापर्यंत गेले. आपल्यासमोर त्याला लाज वाटत असेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. पोराने वर न बघताच, शेजारची रिकामी खुर्ची पायाने बाहेर ओढली होती.

मास्तर परत येऊन त्या खुर्चीवर बसले. तिचा एक पाय आखूड होता, जरा हललं की ती डुगडुगायची. पोरगा अडखळत बोलायला लागला, तसे मास्तर दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून, खुर्चीचा आवाज होऊ न देता, बसून राहिले.